युगेतने रचलेली थप्पी

रविवार, १४ ऑक्टोबर

ही वही माझ्या बायकोची, युगेतची आहे. कोणत्या दिवशी कोणतं झाड फोडलं, थप्पी कुठे लावली, वाळायला किती उन्हाळे मिळाले, एवढंच ती यात लिहीत असे. एकोणसाठ पानं भरली आहेत, पुढची कोरी आहेत. लाकडाची नोंद कुणीतरी ठेवायला हवी म्हणून मी लिहितो आहे.

आजची नोंद: दारापाशी ठेवलेलं जुनं लाकूड संपत आलं. बीचच्या झाडाची सहा फाळकी उरली.

गोठ्याच्या दक्षिण भिंतीला लागून जी थप्पी आहे, ती यात धरलेली नाही. ती युगेतने २०१६ च्या एप्रिलमध्ये रचली. हॉर्नबीम आणि बीच, दोन्ही जड झाडांचं लाकूड, आठ घनमीटर. पुढच्या मार्चमध्ये युगेत गेली. अंत्यविधीच्या आठवड्यातच मी थप्पीला ताडपत्री गुंडाळली, वरून, बाजूंनी, थेट जमिनीपर्यंत, आणि दोरीने आवळून टाकली. तिने ठेवलेलं एकही फाळकं जागचं हलू नये म्हणून. गेल्या हिवाळ्यात मी बराच काळ मुलीकडे, देल्फिनकडे, शहरात होतो, त्यामुळे प्रश्न आला नाही.

त्या थप्पीवरून आमचं वाजलं होतं. आमची बिडाची शेगडी जुन्या उघड्या चुलीच्या कोनाड्यात बसवलेली आहे, काचेच्या दाराची. तिच्यात पन्नास सेंटिमीटरचं लाकूड सहज मावतं. पण त्या वर्षी युगेतने सगळं तेहतीसचं कापायला लावलं. मीटरला एकाऐवजी दोन काप. माझी मनगटं तेव्हाच धरायला लागली होती, तरी तिने ऐकलं नाही. मी महिनाभर कुरकुरलो. "आखूड लवकर वाळतं," एवढंच ती म्हणायची. त्याच महिन्यात ती दोनदा दवाखान्यात जाऊन आली होती. पाठीसाठी, म्हणाली.

गुरुवार, १ नोव्हेंबर

देल्फिन आली होती. युगेतच्या कबरीवर शेवंती ठेवली. दगडावर पानं पडली होती, ती मी हाताने काढली. घरी आल्यावर तिने कोट काढलाच नाही.

"बाबा, घरात किती डिग्री आहे?"

"एकोणीस."

"मग माझ्या तोंडातून वाफ का निघते आहे?"

भिंतीवरच्या काट्यावर तेरा होते. मी विजेचा हीटर तिच्या पायाशी सरकवला. खिडकीतून तिला गोठ्याजवळची ताडपत्री दिसत होती. ती म्हणाली, "आईने ते शोभेला नाही रचलं." मी सूप गरम करायला उठलो.

शनिवार, ३ नोव्हेंबर

ग्रामकचेरीत वाट्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. गावाच्या जंगलातलं सरपण दर चुलीमागे एक वाटा. एकटा माणूस असला तरी चूल ती चूल. नाव पुकारलं तसा गेलो आणि टोपीतून चिठ्ठी काढली. तेवीस नंबर. याआधी चिठ्ठी नेहमी युगेत काढायची. तिचा हात चांगला, असं आम्ही म्हणायचो.

लेओंस हा आमचा शेजारी, आणि वाटे वेळेत तोडले जातील याची हमी घेणाऱ्या तीन जामीनदारांपैकी एक. तो सगळ्यांसमोर ओरडला, "काय आन्सेल्म, यंदा तरी करवत बाहेर काढणार ना? मागल्या साली तुझा वाटा तसाच उभा राहिला. बोलणी कुणी खाल्ली? मी!"

"काढणार."

"आणि घरची ती थप्पी? संग्रहालयाला देणार आहेस वाटतं!"

त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तेवीस म्हणजे नाल्याच्या वरचा. ॲशची झाडं भरपूर आहेत, शेंडे वाळलेली. तुझं काम झालं समज. ॲश ओली असली तरी जळते. आज तोड, उद्या घाल शेगडीत."

हे गावात सगळेच म्हणतात. मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणजे यंदा दक्षिणेकडच्या थप्पीला हात लावायची गरज नाही. घरी येताना हलकं वाटलं.

मंगळवार, २० नोव्हेंबर

पाच दिवस जंगलात. लेओंस बरोबर असतो, तो पाडतो, मी फांद्या छाटतो. ॲशची फाळकी पाचरीशिवायही नीट दुभंगतात. बिस्किटासारखी.

आज पहिल्यांदा शेगडी पेटवली. पेटली. थोडी धूसफूस केली, पण पेटली. हवेची पट्टी अर्धी ओढून हवा कमी केली म्हणजे लाकूड पुरेल. सात वाजता घरात सतरा डिग्री. मांजर, फानेत, शेगडीसमोर आडवी झाली. जेवणाला बटाटे आणि लेओंसच्या बायकोने दिलेलं धुरावलेलं सॉसेज. बऱ्याच दिवसांनी दोनदा वाढून घेतलं.

रविवार, ९ डिसेंबर

ॲश संपली. वाटली तितकी नव्हती, लेओंसने नाल्यावरून बघून अंदाज बांधला होता. बाकी वाट्यात हॉर्नबीम. ताजं, जड, हाताला थंड लागतं. मी तेच बारीक फोडून घालतो. बाजूंनी फेस येतो आणि फुसफुसतं. ज्वाळा अशी धरत नाही, लाल होऊन बसतं. पण ऊब येते.

काच रोज काळी होते. युगेत ओल्या वर्तमानपत्रावर राख घेऊन ती पुसायची, दोन मिनिटांत आरपार. मी तसंच करतो, पण हा थर चिकट आहे, डांबरासारखा, चाकूने खरवडावा लागतो. आता एक दिवसाआड करतो. शेगडीच्या दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरीही एका जागी सुटली आहे. बघू.

भिंतीतल्या झरोक्यातून गार वारा थेट माझ्या खुर्चीवर येत होता. त्यात पोतेरं कोंबलं. आता बरं आहे.

दिवसभर डोकं दुखलं. रविवारी जास्त दुखतं. बाहेर जायचं नसतं म्हणून असेल. जंगलात गेलो की तासाभरात डोकं उतरतं. लेओंस म्हणतो, "काम हेच औषध रे बाबा." खरं असावं. घरात पाय ठेवला की जड होतं. पावणेदोन वर्षं झाली तरी या घराची सवय होत नाही.

फानेत आता शेगडीपाशी झोपत नाही. बाहेरच्या दाराच्या फटीशी नाक लावून बसते. तिलाही घर नको झालंय.

मंगळवार, १८ डिसेंबर

आजचं लिहावं की नाही, ठरत नव्हतं.

जंगलात चिखल म्हणून गेलो नाही. दुपारी शेगडीसमोर बसलो होतो, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर गोठ्याकडे लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज आला. ठक. मग थोडं थांबून, ठक. युगेत अशीच रचायची. फाळकं ठेवायची, हाताने हलवून बघायची, बसलं नाही तर फिरवून ठेवायची. तेवढा मधला वेळ. दुसऱ्या कुणाचा एवढा वेळ नसतो.

मला भीती वाटली नाही. उठावंसंही वाटलं नाही. पाय कुणाचे तरी असल्यासारखे होते. अंधार पडेपर्यंत ऐकत राहिलो.

सोमवार, २४ डिसेंबर

देल्फिनला फोन करून सांगितलं की सणाला येत नाही.

"बाबा, मुलं वाट बघत आहेत."

"घसा बसलाय."

"घसा चांगला आहे तुमचा. खरं सांगा."

खरं कसं सांगणार? दुपारी तीन ते पाच मला घरी असावं लागतं. शेगडीत मोठं ओलं फाळकं घालायचं, हवेची पट्टी पूर्ण ओढायची, म्हणजे ती धुमसत राहते, आणि बसायचं. चार दिवसांत तीन वेळा आवाज आला. मग देल्फिन म्हणाली, "धुराडं साफ केल्याचा दाखला विमावाल्यांना दोन वर्षं गेलेला नाही. आई दर सप्टेंबरला बोलवायची. मीच बोलावते त्या क्युनोबाईंना." मी म्हटलं, जानेवारीनंतर. ती म्हणाली, "जानेवारीत." फोन ठेवला.

शुक्रवार, ४ जानेवारी

लेओंस नव्या वर्षाची बाटली घेऊन आला होता. पंधरा मिनिटं बसला असेल. कॉलर सैल करत म्हणाला, "काय कोंदट करून ठेवलंय! खिडकी उघड की."

"थंडी आहे."

"थंडी बाहेर आहे. इथे कोल्ह्याच्या बिळासारखा वास येतोय. आणि शेगडीत हे काय घातलंस? हॉर्नबीम? या हिवाळ्यातलं? अरे, याला दोन उन्हाळे लागतात, शेंबड्या पोराला कळतं!"

"पेटतंय की."

"पेटतंय कुठलं, रडतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझा चेहरा चांगला लाल दिसतोय मात्र." आणि गेला. बाटली अर्धीच राहिली. तीन वाजत आले होते, म्हणून मी त्याला थांब म्हटलं नाही.

आज ती आत आली होती. चुलीच्या कोनाड्याच्या डाव्या बाजूला उभी, हातमोजे काढत. हातमोज्यांना भुसा लागला होता.

गुरुवार, १० जाने

उलटी झाली दोनदा. अक्षर नीट येत नाही. आज किती लाकूड घातलं ते विसरलो. ती खुर्चीवर बसली. मी म्हटलं थप्पी जशीच्या तशी आहे. एकही हलवलं नाही. ती

फानेत बाहेर गेली ती आली नाही

शनिवार, १९ जानेवारी

दवाखान्यातून काल आलो. देल्फिन घरी आहे, वर झोपली आहे. जे कळलं ते लिहितो.

सोमवारी सकाळी क्युनोबाई धुराडं साफ करायला आल्या. हाक मारली, उत्तर नाही, दार नुसतं लोटलेलं. मी खुर्चीत होतो. त्यांनी खिडकी उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेना तर सळीने काच फोडली आणि मला दोन्ही काखांत धरून अंगणातल्या बर्फात ओढत नेलं. त्या माझ्या देल्फिनपेक्षा लहान आहेत, अंगाने बारीक. कसं केलं, त्यांनाच माहीत. डॉक्टर म्हणाले, धुराच्या वायूने रक्त भरलं होतं. वास नसतो, रंग नसतो. डोकेदुखी, गळाठा, उलट्या, आणि नसलेलं दिसणं, ऐकू येणं, हे सगळं त्याच्यानेच.

ते शेवटचं त्यांनी असंच, मोजदाद करावी तसं सांगितलं. मी मान हलवली. मला काय ऐकू यायचं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गुरुवार, २४ जानेवारी

क्युनोबाई आज पुन्हा आल्या. छपरावरून सळ्या घातल्या, खालून आलं ते दोन बादल्या भरून. काळं, काचेसारखं चमकणारं, खडे खडे.

"काका, हे बघा." त्यांनी दोन बोटांत मावेल एवढी फट दाखवली. "धुराला जायला एवढी जागा उरली होती. ओलं लाकूड, हवा बंद, आणि झरोक्यात हे." पोतेरं त्यांनी चिमट्याने धरलं होतं. "जीव द्यायचा असता तर एवढा व्यवस्थित कुणी दिला नसता."

"गावात म्हणतात, ॲश ओली जळते."

"ॲश जळते. म्हणून सगळं जंगल जळत नाही. आणि ॲशलासुद्धा एक उन्हाळा द्या हो." त्यांनी शेगडीच्या दाराची दोरी बदलली, आतल्या तडकलेल्या विटा बघितल्या, भिंतीवर एक पांढरा डबा लावला. वायू वाढला तर तो ओरडेल. मग हात पुसत बाहेर गेल्या आणि ताडपत्रीपाशी थांबल्या. "यात काय आहे?"

"लाकूड."

"कोरडं?"

 लेओंस कुंपणापलीकडून ऐकत होताच. तो आला, मला विचारलं नाही, खिशातला चाकू काढून दोरी कापली. "हॅमसारखी बांधून ठेवली आहे बघा बाई! श्वास तरी घेऊ दे तिला!"

मी त्याचा हात धरायला गेलो आणि धरला नाही.

वरचं चांगलं होतं. उन्हाळे खाल्लेलं, टोकांना चिरा, एकमेकांवर आपटलं की खणखणीत. पण खालचे चार थर गेले. जमिनीची ओल ताडपत्रीत कोंडून राहिली होती. साल हातात येत होती, आत पांढरी बुरशी, लाकूड शिळ्या पावासारखं हलकं. बीच तर सगळंच. क्युनोबाईंनी एक फाळकं अंगठ्याने दाबलं, अंगठा आत गेला. लेओंस टोपी काढून उगाच आत बघत राहिला.

एवढं जपून मीच कुजवलं.

मंगळवार, २९ जानेवारी

हे लिहून पान फाडून टाकणार होतो. पण तिच्या वहीत खोटं किंवा अर्धवट काही नाही, म्हणून राहू देतो.

पाच दिवस लेओंसने दिलेलं ओकचं कोरडं लाकूड जाळतो आहे. काच स्वच्छ राहते. डोकं दुखत नाही. तीन वाजतात, चार वाजतात. बाहेर काही नाही. कावळे असतात.

आज देल्फिन दुपारी लेओंसकडे गेली. मी शेगडीत हॉर्नबीमचं ओलं फाळकं घातलं, हवेची पट्टी ओढली. पांढऱ्या डब्याची बॅटरी काढून टेबलावर ठेवली. पोतेरं क्युनोबाईंनी नेलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातला रुमाल झरोक्यात कोंबला. मरायचं मनात नव्हतं. एक दुपार हवी होती. ती लाकूड रचते तेवढं तरी ऐकावं, थप्पीचं तिला सांगावं.

देल्फिन लवकर परतली. मी खुर्चीत होतो. ती तिच्या आईच्या खुर्चीत बसली, पाय पोटाशी घेऊन, लहानपणी बसायची तशी, आणि लेओंसच्या बायकोने काय काय सांगितलं ते सांगायला लागली. मी ऐकत होतो आणि झरोक्याकडे बघत नव्हतो. थोड्या वेळाने तिने कपाळ चोळलं.

"बाबा, डोकं जरा जड झालंय. रात्री झोप नाही झाली नीट."

मी एवढ्या वेगाने उठलो की खुर्ची पडली. रुमाल ओढला, दुरुस्त करून घेतलेली खिडकी उघडली, दार उघडलं. तिला दंडाला धरून अंगणात आणलं. ती म्हणत होती, "अहो बाबा, काय झालं? बर्फात चपला नाहीत माझ्या पायात!" मी तिचे डोळे बघितले, ओठ बघितले. काही नव्हतं. ती हसायला लागली आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

"काय केलंत तुम्ही?"

मी रुमाल दाखवला, दुपारच्या त्या आवाजाचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने बर्फात तशीच उभी राहून माझ्या हातातून रुमाल घेतला, घडी घातली, आणि म्हणाली, "मलाही आई हवी आहे, बाबा."

शनिवार, २ फेब्रुवारी

देल्फिन सकाळी गेली. जायच्या आधी दोघांनी मिळून दक्षिणेकडची थप्पी उतरवली. कुजलेलं बाजूला काढलं. चांगलं तेवढं गोठ्यात नेलं, भिंतीपासून हातभर लांब, खाली दोन वासे टाकून. बाजू उघड्या ठेवल्या. फाळकी आखूड असल्यामुळे एका हाताने चार येतात, मनगट धरत नाही. 'लवकर वाळतं' एवढंच तिचं कारण नव्हतं. काम दोन तासांत झालं. कोपरे मला जमत नाहीत, देल्फिनला जमतात.

नोंद: युगेतच्या थप्पीतलं चांगलं लाकूड साधारण साडेतीन घनमीटर. एप्रिल २०१६. हॉर्नबीम.

दुपारी तीन वाजता त्यातली चार फाळकी शेगडीत घातली. एका काडीत पेटली. ज्वाळा उंच, पिवळी, आवाज नाही. काच आरपार. हवेची पट्टी उघडी ठेवली, झरोका उघडा. साडेतीनला एकोणीस डिग्री, चारला एकवीस. स्वेटर काढला. डोकं अगदी साफ होतं, घड्याळाची टिकटिक वेगळी ऐकू येत होती.

खुर्ची गोठ्याच्या बाजूला वळवून बसलो. साडेपाचला अंधार पडला. कुणी आलं नाही.

मी उठून आणखी दोन फाळकी घातली.